बशी दिसेपर्यंत

सुमन मंगळवारी गेली. बुधवारपासून घरात माणसं येऊ लागली. शनिवारी हौदातली बशी दिसेनाशी झाली.

पहिल्या वाक्याबद्दल मला काही लिहिता येईल असं वाटत नाही. तिसऱ्याबद्दल लिहू शकतो, कारण तो आमचा धंदा होता.

धंदा हा शब्द सुमनचा. मी सेलूला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि ती, माझी बायको, आरोग्य सेविका होती. त्या नोकऱ्या. पण बरीच वर्षं आम्ही दोघं रविवारी, आणि निवृत्तीनंतर आठवड्याचे सगळे दिवस, लोकांच्या परसातल्या हौदांचं पाणी नितळ ठेवायचं काम करत होतो. ज्यात मासे ठेवलेत असे हौद. असंही काही काम असतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. एका लग्नात कुणी तरी मला विचारलं, "सर, रिटायर झाल्यापासून काय करायलात?" मी सांगितलं. तो सुमनला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, सरांची तब्येत बरी हाय ना?"

बशी आमचं मोजमापाचं साधन. लग्नात सहा कपबशांचा सेट आला होता. कप एकेक करून फुटले, बशा राहिल्या. त्यातल्या एका पांढऱ्या बशीला सुतळीचं शिंकं बांधलं आणि वरच्या दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. बशी पाण्यात सोडायची आणि कितव्या गाठीपर्यंत ती दिसते ते बघायचं. पहिल्या गाठीलाच गायब झाली तर पाणी आजारी आहे. आमच्या परसातला हौद पाच विती खोल आहे आणि त्यात बशी पाचव्या गाठीला, म्हणजे तळाला टेकेपर्यंत, दिसायची.

त्या हौदात सुमनचे पाच मासे होते. त्यांतला थोरला केशरी, पोट सुटलेला, ओठावर काळा डाग असलेला. डाग मिशीसारखा दिसायचा आणि तो दिवसभर कडेकडेनं गस्त घालायचा, म्हणून त्याचं नाव जमादार. सुमन दवाखान्यात होती तेव्हा फोनवर रोज दोन चौकशा करायची. बशी कितव्या गाठीला दिसते, आणि मी जेवलो का. याच क्रमानं.

तर शनिवारी बशी पहिल्या गाठीलाच गेली. सुमनच्या मागं घरात जिवंत म्हणावं असं जे तिच्या हातचं होतं, ते त्या हिरव्या पाण्यात होतं.

पण आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे माझी चूक किती मोठी होती ते कळेल.

सुरुवात गप्पी माशांपासून झाली. हे मासे डासांच्या अळ्या खातात. सुमन ते प्लास्टिकच्या बरणीत घेऊन गावोगाव फिरायची आणि हौदांत सोडायची. गप्पी मासा बोटाच्या पेराएवढा, मातकट, बघण्यासारखं त्यात काही नाही. पण घरात हलणारी गोष्ट आली की माणूस तिच्यापाशी जाऊन बसतो. लोक हौदाच्या काठावर बसायला लागले. मग त्यांना गप्पी पुरेनात. परभणीच्या बाजारातून लाल-केशरी मासे आले, कुणी कमळ लावलं, कुणी निळ्या फरशा बसवल्या. मग पाणी हिरवं व्हायचं आणि बोलावणं सुमनला यायचं. "ताई, तुमच्या माशांनी पाणी नासवलं." ती घरी येऊन मला विचारायची. मला काही माहीत नव्हतं. पण ज्याच्या खोलीत हजारो पुस्तकं आहेत त्याला काही माहीत नसलं तर बरं दिसत नाही. मी माशांवरची मिळाली ती तीन पुस्तकं वाचली. त्यातलं एक खाडीतल्या कोळंबीवर होतं. तेही वाचलं.

हिरवं पाणी म्हणजे घाण पाणी नसतं. ते शेवाळ असतं, इतकं बारीक की एकेकटं डोळ्याला दिसत नाही. त्याला ऊन लागतं आणि खत लागतं. उन्हाच्या बाबतीत परभणी जिल्ह्यानं कधी कुणाला कमी पडू दिलेलं नाही. खत म्हणजे माशांची विष्ठा आणि त्यांनी न खाल्लेलं अन्न. म्हणून अर्ध्या हौदावर सावली धरायची, खाद्य चिमूटभर टाकायचं आणि पाणी एका ड्रममधून फिरवायचं. ड्रममध्ये खडी, स्पंज आणि बाटल्यांची टोपणं भरलेली असतात. टोपणांवर हळूहळू बुळबुळीत थर धरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि तेच पाण्यातलं विष खातात. आमचे खरे कामगार ते. त्यांना नीट वसायला तीन आठवडे लागतात आणि तेवढ्यात मालकानं काहीही करायचं नसतं. पाणी बदलायचं नाही, ढवळायचं नाही, टोपणं घासायची नाहीत.

मालकाला काही करू न देणं, हे या धंद्यातलं सगळ्यात कष्टाचं काम. ते सुमन करायची. मी बशी सोडायचो.

पाथरीला भगवानराव नावाचे गुत्तेदार आहेत. गुत्तेदार म्हणजे आमच्याकडे कंत्राटदार. त्यांनी घर बांधलं, घरामागं हौद बांधला आणि हौदाच्या तळाला फरशीच्या तुकड्यांनी आपलं आडनाव लिहून घेतलं. वरच्या गॅलरीतून ते वाचता यावं अशी योजना होती. आम्ही गेलो तेव्हा पाणी पालकाच्या भाजीसारखं होतं.

"आकरा वेळा हौद उपसला, ताई," भगवानराव म्हणाले. "नवं पाणी भरलं की दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाव्हणे येतेत, गॅलरीतून वाकून बघतेत, अन् मला आडनाव तोंडानं सांगावं लागतंय!"

सुमननं ड्रम बसवून घेतला आणि म्हणाली, "आता एकवीस दिवस हात लावायचा न्हाई, दादा."

"एकवीस दिवस? एकवीस दिवसांत मी पूल उभा करतो."

"म्हणूनच पुलांचं तसं होतंय."

 भगवानराव माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तुमी घरी कसं राहता हो?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी बांबूनं पाणी ढवळलं. पाचव्या दिवशी ड्रम उघडून टोपणं साबणानं धुतली. सातव्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला, "ताई, हे आता स्वतःच उतरलेत हौदात."

सुमननं फोन ठेवला. "या माणसाचे हात मोकळे आहेत, तोवर काही खरं नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडं सगळ्यात जाड पुस्तक कोणतं आहे? दोन्ही हात लागतील असं."

मी एक आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी आणली, स्वतःच्या कार्डावर. भगवानरावांनी शाळा सोडल्यापासून मोजमाप-वही सोडून काही वाचलेलं नव्हतं. सुमननं त्यांना हौदाशेजारी खुर्चीवर बसवलं, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "हौदाकडं हात जायला लागला की पान उलटायचं."

त्यांनी उलटली. आधी नुसतीच उलटली, मग वाचून उलटायला लागले. जेवायला हाक मारली तर "लढाई चालू हाय" म्हणायचे. पुस्तक दिल्यापासून विसाव्या दिवशी आम्ही बशी सोडली, ती तळाला टेकली आणि तिच्याशेजारी आडनाव स्पष्ट दिसलं. भगवानराव गॅलरीत गेले, वाकून बघितलं, हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि वरूनच ओरडले, "सर, पुस्तकात ताकद हाय!"

मी त्यांना तासभर टोपणांवरचे जीव समजावून सांगितले. त्यांनी मान डोलवत ऐकलं.

"ते असंल. पण पुस्तक यायच्या आधी ते जंतू काय करत होते?"

"तुम्ही त्यांना साबण लावत होता," सुमन म्हणाली.

पण त्यांचं मत बदललं नाही. पुस्तकही परत आलं नाही. ते घराबाहेर गेलं तर पाणी फिरेल अशी त्यांची खात्री होती. मी ग्रंथपाल म्हणून त्यांना तीन स्मरणपत्रं पाठवली. तिन्हींना उत्तर आलं: पाणी छान आहे, आपला आभारी आहे. शेवटी माझ्या हातून पुस्तक हरवलं असं लिहून देऊन मी दुसरी प्रत आणून ठेवली. भगवानरावांनी ही गोष्ट इतकी पसरवली की पुढं नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "सर, साधं करायचं का पुस्तकवालं?"

देवगाव फाट्याला एका हॉटेलच्या मागं असाच हौद होता. एसटीची वाट बघणारी माणसं चहा घेऊन मागं यायची आणि माशांना भजी घालायची. पाण्यावर तेलाचा तवंग. सुमननं पाटी रंगवली, ‘माशांना खायला घालू नये.’ लोकांना वाटलं मालक कंजूष आहे, त्यांनी दुप्पट घातली. मग तिनं ‘कृपया’ जोडून बघितलं. काही फरक नाही. तिसऱ्या रविवारी ती नवीन पाटी घेऊन आली:

‘माशांना मूळव्याध आहे. तिखट देऊ नये.’

त्या दिवसापासून एक भजं पाण्यात पडलं नाही. लोक पाटी वाचायचे, माशांकडे बघायचे, चुकचुकायचे. एका बाईनं मला हळूच विचारलं, "लय दिवसापासून हाय का हो?" एक म्हातारा शेतकरी दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत आला आणि मालकाच्या हातात भला मोठा सुरण ठेवून गेला. उकडून द्या, तुपात परतू नका, असंही सांगून गेला. सुमननं तशी आणखी एक पाटी रंगवून घरी ठेवली होती. कुठं तरी लागेल म्हणाली.

हसण्यासारखं तेवढंच सांगावं असं वाटतं, पण वालूरचं सांगावंच लागेल.

वालूरला एक निवृत्त गुरुजी होते. एकटे राहायचे. छतावरचं पावसाचं पाणी साठवून त्यांनी हौद भरला होता आणि त्यात सात मासे सोडले होते. सातांना वारांची नावं. एकदा पाणी गढूळ झालं. सुमन एका शिबिरात अडकली होती, म्हणून मी एकटाच गेलो. बशी सोडली, दुसऱ्या गाठीला गेली. गुरुजींना सांगितलं, थांबा. ते म्हणाले, "इतक्या लांबून आलात, काही तरी करा की." मी उभा राहिलो. तेही उभे राहिले. दोन अबोल माणसं एका हौदापाशी किती वेळ उभी राहू शकतात याला मर्यादा असते. मी काही तरी केल्यासारखं दिसावं म्हणून त्यांच्याकडून तुरटी मागून घेतली आणि पाण्यात फिरवली.

तुरटीनं गाळ खाली बसतो, हे घरोघरी माहीत आहे. पण पावसाचं पाणी तुरटीनं आंबट होतं आणि माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. हे मी वाचलेलं होतं. पुस्तक कोणतं, पान डावीकडचं की उजवीकडचं, तेही आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पाणी काचेसारखं होतं. सातही वार उलटे तरंगत होते. गुरुजी म्हणाले, "पाणी मात्र लय छान झालं, सर." त्यांनी टोमणा मारला नव्हता. माझं मन राखत होते.

सुमननं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "त्यांनी आपल्याला पाणी दाखवायला बोलावलं नव्हतं. मासे जगवायला बोलावलं होतं." त्यानंतर मी एकटा कुठं गेलो नाही.

आता माझ्या हौदाकडे येतो.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भाकरी आणतात आणि लांबून येणारे बिस्किटांचे पुडे आणतात. येणारा माणूस ओसरीवर बसायचा. म्हणायचा, "वाईट झालं." मी म्हणायचो, "हो." पुढचं वाक्य आमच्या घरात नेहमी सुमनकडं असायचं. ते येत नाही म्हटल्यावर माणूस अवघडायचा, उठून परसात जायचा आणि हौदाच्या काठावर बसायचा. मग खिशातला पुडा फोडून माशांना बिस्किट घालायचा आणि जे माझ्याशी बोलता आलं नाही ते त्यांच्याशी बोलायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होतो. "तुमची मालकीण गेली रे, बाबांनो." "मला पोलिओचे थेंब पाजताना तिचा हात चावला होता मी." जवळजवळ प्रत्येक जण काही तरी सांगायचा आणि एक पुडा रिकामा करायचा.

माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. एका पुड्यानं काय होतं ते या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण रडणाऱ्या माणसाला ‘बिस्किट घालू नका’ कसं म्हणायचं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. शनिवारी बशी दिसेना. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दीडेकशे माणसं आली. जेवणात बुंदी होती. बुंदी दोन बोटांत मावते, पाण्यात टपकन पडते आणि मासा ती लगेच तोंडात घेतो, त्यामुळे घालणाऱ्याला समाधान मिळतं. मासा ती पुन्हा थुंकतो ते कुणी बघायला थांबत नाही.

सोमवारी सकाळी दोन लहान मासे मरून वर आले होते. ड्रमचा पंप बुंदीनं तुंबून बंद पडला होता. जमादार गस्त सोडून एका कोपऱ्यात होता, आणि जमादाराला न शोभेल असं तोंड पाण्याबाहेर काढून हवा मागत होता. घाण पाण्यात हवा उरत नाही, म्हणून मासे असं करतात. असा मासा संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

मी न्हाणीघरात गेलो, दाढीच्या डब्यातून तुरटीचा खडा घेतला आणि हौदापाशी येऊन उभा राहिलो.

का घेतला ते मला आज सांगता येत नाही. वालूर मला आठवत होतं. पण काही न करता उभं राहणं त्या सकाळी मला शक्य नव्हतं.

सुमनची थोरली बहीण आक्का भांडी घासत होती. आमच्याकडे आक्कासुद्धा मला सरच म्हणते. "सर," ती म्हणाली, "दाढी न्हाणीत करा. हितं आरसा न्हाई."

 तेवढ्यात बाजूच्या दारानं भगवानराव गुत्तेदार आत आले. बाहेरगावी कामावर होते, त्यांना बातमी उशिरा कळली होती. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी होतं. त्यांनी हौद बघितला, मला बघितलं.

"मुठीत काय हाय, सर?"

"काही नाही."

"दाखवा."

मी मूठ उघडली.

"वालूरच्या गुरुजींचं तुमीच सांगितलं होतं मला," ते म्हणाले. त्यांनी खडा उचलून स्वतःच्या खिशात घातला. मग वर्तमानपत्र सोडलं. आतून ती आठशे पानांची कादंबरी निघाली. पाठीवर माझ्या अक्षरातला क्रमांक तसाच होता.

"धरा. दोन्ही हातांनी."

"भगवानराव, हे घराबाहेर काढलंत? तुमचं पाणी?"

"झालं हिरवं तर होऊ दे. आडनाव काय पळून जातंय का?" ते खुर्ची ओढत म्हणाले. "ताईंनी माझे हात धरले होते. आता तुमचे कोण धरणार? बसा."

मी बसलो. पुस्तक जड होतं. माझ्या तोंडून त्या आठवड्यातलं पहिलं लांब वाक्य निघालं. "जमादाराला हवा पाहिजे. पाव हौद पाणी बदलायचं आणि उरलेलं उंचावरून ओतत राहायचं. पंप तर बंद आहे."

"किती वेळ ओतायचं?"

"दिवसभर."

"मग यात परेशान व्हायचं काय? माणसं हायेत की." ओसरीवर सकाळपासून सात-आठ जण येऊन बसले होते आणि दोघांच्या हातात पुडे होते. भगवानरावांनी आयुष्यभर स्लॅब टाकले आहेत. त्यांनी आक्काकडून सगळे तांबे मागून घेतले आणि हौदाभोवती माणसं उभी केली. "पुडे आक्काकडं द्या. तांब्या घ्या. बुडवा, खांद्याच्या वर न्या, सोडा. काकू, असं देवाला घातल्यावानी न्हाई, वरून! धार फुटली पायजे!"

"अरे, मी भेटायला आले का रोजंदारीवर?" काकू म्हणाली. ती आमच्या गल्लीतली सगळ्यात वयस्कर बाई.

"दोन्ही. हाणा!"

आक्कानं अडगळीतून ती दुसरी पाटी शोधून आणली आणि भिंतीला टेकवली. तिला वाटलं, सुमननं रंगवलेली आहे म्हणजे उपयोगाची असणार. त्यानंतर जो भेटायला आला तो आधी पाटी वाचायचा, मग तांब्या घ्यायचा. सुमनचे एक दूरचे मामा आले, पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "सुमीला पण हाच त्रास होता का?"

मी हसलो. आवाज आला तेव्हा मलाच कळलं नाही कुणाचा. सगळ्यांचे तांबे थांबले. मामा घाबरले. भगवानराव ओरडले, "थांबू नका, जमादार मरंल!" आणि पुन्हा धारा सुरू झाल्या.

दिवसभर माणसं पाणी ओतत होती आणि बोलत होती. हाताला काम मिळालं की तोंड मोकळं होतं, हे मी तेव्हा बघितलं. काकूनं सांगितलं की सुमन बीपी तपासताना मुद्दाम भांडण काढायची आणि म्हणायची, आता खरं बीपी कळलं. मला हे माहीत नव्हतं. दुपारनंतर जमादारानं तोंड पाण्याखाली घेतलं. तीन वाजता तो कोपरा सोडून कडेकडेनं निघाला. काकूनं त्याला नमस्कार केला.

पुढचं काम मला येत होतं. पंप साफ केला. टोपणं हौदाच्याच पाण्यात नुसती बुचकळली, घासली नाहीत. जाळी बांधून सावली वाढवली. खाद्य बंद. मग थांबायचं होतं. रोज सकाळी मी खुर्चीवर बसून पुस्तक उघडायचो. हौदाकडं हात जायला लागला की पान उलटायचो. आधी नुसतीच उलटली. त्या आठवड्यात आणखी एक मासा गेला. पुस्तकाच्या समासात भगवानरावांनी पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. एका किल्ल्याच्या वर्णनाशेजारी लिहिलं होतं, ‘पाया चुकला.’ तिथून मी वाचायला लागलो.

संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"कितवं पान, सर?"

"दोनशे बारा."

"जरा दमानं वाचा म्हणलं असतं, पण हिकडं आडनावाचं पहिलं अक्षर धूसर दिसायलंय."

"ऊन वाढलंय. जाळी टाका."

"टाकली. तुमी वाचा."

नवव्या दिवशी बशी दुसऱ्या गाठीला दिसली. मग तीन दिवस तिथंच अडकली आणि मी तुरटीचा खडा भगवानरावांच्या खिशात आहे याबद्दल मनातल्या मनात आभार मानले. एकविसाव्या दिवशी चौथ्या गाठीला होती. सुमननं मालकांना सांगितलेला आकडा थोडा आशावादी होता, हे तिला सांगायचं राहिलं. सव्विसाव्या दिवशी कादंबरी संपली आणि मी ती पाथरीला स्वतः नेऊन दिली. भगवानरावांनी ती हौदाशेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि आम्ही दोघं गॅलरीत गेलो. आडनाव स्पष्ट दिसत होतं. ते सकाळीही तसंच दिसत होतं, असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

काम मी अजून करतो. तीन हौद ठेवलेत, बाकीचे सोडले. मालकांना थांबवायला मला जमत नाही, म्हणून सुमनची वाक्यं आठवतील तशी एका वहीत उतरवून घेतली आहेत. प्रसंग आला की वही काढून त्यांतलं एक वाचून दाखवतो. पुलाचं वाक्य सगळ्यांना लागू पडतं.

आमच्या हौदात आता दोन मासे आहेत. त्यातला एक जमादार. बशी पाचव्या गाठीला दिसते. मी जेवलो आहे.